एका फाँट कन्व्हर्टरचं डेबियन पॅकेज: रिव्ह्यूत काय काय निघालं

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान चालवणारे एक काका आहेत. एका साप्ताहिकाचे अंक वर्षानुवर्षं तेच लावतायत, आणि जुने सगळे अंक युनिकोडच्या आधीच्या फाँटात आहेत, म्हणजे फाइल उघडली आणि तो फाँट मशीनवर नसला की समोर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कचरा. काकांनी स्वतःच्या सोयीसाठी पायथनमध्ये एक कन्व्हर्टर लिहिला, जुना मजकूर द्या, युनिकोड घ्या. पुतण्याने तो गिटवर (कोडचा इतिहास ठेवणारी व्यवस्था) आणि पायपीआयवर (पायथनच्या पॅकेजांचं कोठार) टाकला आणि मग ज्यांच्याकडे असे जुने अंक, दिवाळी अंक, सोसायटीचे अहवाल पडून होते ते लोक तो वापरायला लागले.

मराठवाड्यातला एक इंजिनिअरिंगचा मुलगा २०२३च्या सप्टेंबरमध्ये कोचीला डेबकॉन्फला, म्हणजे डेबियनच्या संमेलनाला जाऊन आला होता, तेव्हापासून डेबियनमध्ये (स्वयंसेवकांनी चालवलेली, लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम) काहीतरी करायचंच असं त्याच्या डोक्यात होतं. त्याने हे टूल पॅकेज करायला घेतलं. रीतसर आयटीपी बग (हे मी पॅकेज करतोय अशी नोंद) टाकला, साल्सावर (डेबियनच्या गिट सर्व्हरवर) रेपो उघडला आणि मग स्पॉन्सर, म्हणजे त्याच्या वतीने अपलोड करणारं कोणी, शोधत माझ्यापर्यंत आला. (टूलचं, माणसांचं, गावांचं नाव मुद्दाम गाळलंय, एकदोन तपशीलही बदललेत.)

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी: डेबियनमध्ये नवीन माणसाला पॅकेज थेट चढवता येत नाही. अपलोडचा हक्क असलेला कोणीतरी ते तपासतो, स्वतःच्या कीने सही करतो आणि चढवतो, म्हणजे उद्या त्यात काही निघालं तर जबाबदारी सही करणाऱ्याचीही असते. आणि पॅकेज पहिल्यांदाच येत असेल तर ते न्यू नावाच्या रांगेत थांबतं, तिथे आर्काइव्ह सांभाळणारी टीम हाताने बघते, विशेषतः कॉपीराइट.

अडचण

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचा मेसेज आला: "ताई, लिंटियन क्लीन आहे, एसबिल्डमध्ये पण होतंय. अपलोड कराल का?" (लिंटियन म्हणजे पॅकेजातल्या चुका शोधणारं टूल, एसबिल्ड म्हणजे कोऱ्या वातावरणात पॅकेज बांधणारं.) वरवर बघता काम खरंच नीट होतं, डेबहेल्पर १३, पायबिल्ड ही बांधणीची नेहमीची टूलं, टेस्ट बिल्डच्या वेळी चालतायत, चेंजलॉगमध्ये आयटीपी बंद केलाय. किरकोळ गोष्टी होत्याच. निव्वळ पायथन असून आर्किटेक्चर 'एनी' लिहिलं होतं ते 'ऑल' (सगळ्या मशीनवर एकच पॅकेज) हवं, आणि डिस्क्रिप्शनमध्ये टूलचं कौतुकच फार, ते नेमकं करतं काय हे तिसऱ्या ओळीत. हे सगळं त्याने संध्याकाळपर्यंत करून टाकलं.

मी डेबियन डिरेक्टरी बघायच्या आधी अपस्ट्रीमचा, म्हणजे मूळ लेखकाचा, टारबॉल (कोडची एकत्र बांधलेली फाइल) उघडून आत काय काय आहे त्याची यादी काढते. ही सवय एक्सझेडच्या प्रकरणानंतरची. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली आवळणाऱ्या टूलमधला बॅकडोअर (लपवलेला चोरदरवाजा) उघडकीला आला, त्यात रिलीजच्या टारबॉलमध्ये असलेली एक बिल्डची फाइल गिटमधल्या कोडमध्ये तशी नव्हतीच, आणि खरा माल टेस्टच्या नावाखाली ठेवलेल्या बायनरी फाइलींमध्ये लपवलेला होता. डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत (पुढची आवृत्ती जिथे तयार होते) ते पोचलं होतं आणि मग ५.६.१+रिअली५.४.५ असलं विचित्र व्हर्जन देऊन मागे यावं लागलं. तेव्हापासून टारबॉल आणि गिट टॅग (गिटमधली रिलीजची खूण) यांच्यात फरक काय, आणि टेस्टच्या फोल्डरमध्ये बायनरी काय पडलंय, या दोन गोष्टी आधी.

काकांच्या टारबॉलमध्ये या दोन्ही निघाल्या आणि वर आणखी दोन.

टेस्टच्या फोल्डरमध्ये एका विकाऊ फाँटची टीटीएफ फाइल होती. प्रीव्ह्यूसाठी एक एचटीएमएल पान आहे, त्यात जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची मिनिफाय केलेली (आवळून न वाचता येणारी) फाइल होती, सोर्स नाही, आणि शेजारी लोहित देवनागरी या फाँटची एक प्रत. मॅपिंगच्या (कुठल्या कोडला कुठलं अक्षर) सीएसव्ही फाइलींपैकी एक, साधारण निम्म्या लोकांना जो फाँट लागतो त्याचीच, कुठल्याशा वेबसाइटवरच्या कन्व्हर्टरमधून उचललेली दिसत होती, कारण त्यातल्या कमेंटी काकांच्या नव्हत्याच. आणि पायपीआयच्या टारबॉलमध्ये सगळ्या सीएसव्हींचा मिळून तयार झालेला एक टेबल होता जो गिटमध्ये नव्हता.

मग लिंटियन क्लीन कसं? मिनिफाय केलेल्या फाइलवर लिंटियन 'सोर्स मिसिंग' म्हणून ओरडतंच. मुलाने ते ओव्हरराइडमध्ये (लिंटियनची सूचना दाबायची फाइल) टाकून गप्प केलं होतं, का टाकलं याची एक ओळही नाही. विचारल्यावर म्हणाला, दुसऱ्या एका पॅकेजमध्ये तसंच बघितलं. बाकीच्या तीन गोष्टींबद्दल लिंटियन काही बोलणारच नव्हतं, फाइल कुठून आली हे त्याला कळणार कसं.

त्यात वेळेचा प्रश्न. ट्रिक्सी या डेबियनच्या तेव्हा येऊ घातलेल्या आवृत्तीचा फ्रीज (बदल थांबवण्याचा काळ) पुढे येणार हे दिसत होतं (१५ एप्रिल २०२५ला सॉफ्ट फ्रीज लागला, त्यानंतर नवं सोर्स पॅकेज टेस्टिंगमध्ये शिरत नाही) आणि न्यूच्या रांगेत किती थांबावं लागेल याचा भरवसा कोणीच देत नाही.

पर्याय

फाँटवर सगळ्यात जास्त बोलणं झालं. मुलाचं पहिलं म्हणणं, नॉन-फ्रीमध्ये (मुक्त लायसन्स नसलेल्या पॅकेजांच्या विभागात) टाकू. नॉन-फ्री म्हणजे काहीही टाकायची जागा हा गैरसमज फार जणांचा असतो, पण तिथेही ती फाइल वाटायची परवानगी तर लागतेच, आणि ती नव्हती. काकांना फोन केल्यावर ते म्हणाले, "अरे विकत घेतलेला फाँट आहे, बिल आहे माझ्याकडे!" बिल खरंच असणार. पण ते वापरायचं बिल, दुसऱ्याला वाटायचं नाही. मग राहिले दोन रस्ते. एक तर काकांनी फाइल काढून नवं रिलीज करायचं, नाहीतर आपणच टारबॉलमधून ती वगळून नव्याने बांधायचा आणि व्हर्जनला डीएफएसजी (डेबियनचे मुक्त सॉफ्टवेअरचे नियम) शेपूट लावायचं. पहिला रस्ता स्वच्छ, कारण मग टारबॉल अपस्ट्रीमचा जसाच्या तसा राहतो आणि बाकीच्या डिस्ट्रोंचंही भलं होतं. दुसरा लगेच होतो.

सीएसव्हीचं त्याहून अवघड. टीममधल्या एकाचं मत होतं की अमुक कोडला अमुक अक्षर ही तर निव्वळ माहिती आहे, त्यावर कॉपीराइट कसला. असेलही. पण मी वकील नाही, न्यूच्या रांगेतले लोकही नाहीत, आणि ज्या फाइलवर लायसन्सच लिहिलेलं नाही ती कायद्याच्या नजरेत सगळ्यांची नसते, उलट कोणालाच वाटायची मुभा नसते. त्या वेबसाइटच्या मालकाला विचारावं तर साइटवर कोणाचं नाव नाही, मेल परत येतोय. तेव्हा ती सीएसव्ही ठेवून वाद अंगावर घ्यायचा, ती काढून निम्म्या लोकांचा फाँट सोडून द्यायचा, किंवा ती कोऱ्या पाटीवरून नव्याने करायची, एवढंच हातात होतं.

जेक्वेरी आणि लोहितचा विषय पाच मिनिटांत संपला. लोहित ओएफएल या मुक्त लायसन्सचा आहे, डेबियनमध्ये फाँट्स-लोहित-देवा म्हणून वेगळं पॅकेज आहेच, तेव्हा सोर्समध्ये राहिला तरी हरकत नाही, कॉपीराइट फाइलमध्ये नोंद करायची आणि बायनरीत (बांधलेल्या पॅकेजात) घालायचा नाही. जेक्वेरीसाठी लिबजेएस-जेक्वेरीला दुवा देता आला असता, पण पानात ती वापरली होती फक्त बटण दाबल्यावर मजकूर बदलायला, तेवढ्यासाठी डिपेंडन्सी कशाला, साध्या जावास्क्रिप्टच्या चार ओळींचा पॅच केला.

कृती

काकांकडून रिलीज मिळवायचा प्रयत्न आधी झाला. पण नोव्हेंबर २०२४ म्हणजे विधानसभेची निवडणूक, २० तारखेला मतदान, आणि तालुक्याच्या गावी डीटीपीवाल्याला त्या महिन्यात पत्रकं आणि बॅनर सोडून दुसरं काही सुचत नसतं. काका स्पष्ट म्हणाले, निकाल लागेपर्यंत मला फोन करू नका. इथे पहिला निर्णय घेतला: थांबायचं नाही, डीएफएसजी टारबॉल आपणच करायचा आणि काकांचं रिलीज आलं की शेपूट काढून टाकायचं. डेबियन/कॉपीराइटमध्ये फाइल्स-एक्सक्लूडेड लिहिलं, फाँट, मिनिफाय केलेली जेक्वेरी आणि संशयातली सीएसव्ही तिन्ही वगळल्या. यूस्कॅन मग टारबॉल उतरवतानाच त्या काढून टाकतं, हाताने काही करावं लागत नाही.

दुसरा निर्णय वॉच फाइलचा, म्हणजे नवं रिलीज कुठे बघायचं ते सांगणाऱ्या फाइलचा. ती पायपीआयकडे बघत होती, मी ती गिट टॅगकडे वळवायला सांगितली. तयार टेबल म्हणजे सीएसव्हींपासून बनलेली वस्तू, मग ती बिल्डच्या वेळी आपल्याकडेच बनली पाहिजे, दुसऱ्याच्या मशीनवर बनलेली आणून ठेवायची नाही. मुलाला हा नुसता सोपस्कार वाटला होता. खरी गंमत इथूनच सुरू झाली.

टेबल बिल्डमध्ये बनायला लागल्यावर मी रिप्रोटेस्ट चालवलं. ते एकच पॅकेज दोनदा बांधतं, मध्ये वेळ, लोकॅल, पाथ असं काय काय बदलतं, आणि डिसऑर्डरएफएस वापरून डिरेक्टरीतल्या फाइली मुद्दाम वेगळ्या क्रमाने देतं. दोन्ही पॅकेजं एकसारखी आली पाहिजेत, ती आली नाहीत. डिफोस्कोपमध्ये (दोन पॅकेजांतला फरक दाखवणारं टूल) बघितलं तर टेबलातल्या ओळी त्याच, फक्त क्रम वेगळा. मुलगा लगेच म्हणाला, ग्लोबचा (फाइलींची यादी काढणाऱ्या फंक्शनचा) क्रम फाइलसिस्टिमवर असतो, सॉर्टेड (नावाप्रमाणे लावणारं) घालतो. घातलं. दोन्ही बिल्ड बाइट न् बाइट सारखे, टेस्ट पास.

इथे थांबलो असतो तर चुकीचं पॅकेज अगदी इमानदारीत दरवेळी तसंच चुकीचं बनलं असतं.

झालं असं की मला त्या टेस्टवर भरवसा नव्हता, कारण त्यात 'घर', 'कमल', 'नमन' असलेच शब्द. मी काकांकडून साप्ताहिकाचा एक जुना अंक मागवला आणि नव्या टेबलाने तो अख्खा फिरवला. पहिल्याच बातमीत 'शिक्षण' च्या जागी 'शिक्ष्ाण' आलं, क्ष पाय मोडलेला आणि त्याच्यापुढे काना अधांतरी.

कारण असं. जुन्या फाँटात बरीचशी अक्षरं दोन तुकड्यांत असतात, आधी अर्धं अक्षर आणि मग काना जोडून ते पूर्ण होतं. अर्धा क्ष अधिक काना बरोबर पूर्ण क्ष. तेव्हा कन्व्हर्टरने 'अर्धा क्ष अधिक काना' ही जोडी आधी शोधली पाहिजे आणि सुटा काना नंतर. सुट्या कान्याचा नियम आधी लागला की जोडी फुटते. आता सीएसव्हींची नावं रोमनमध्ये, बाराखडीची एक, जोडाक्षरांची एक, आणि आकारविल्हे लावल्यावर बी जेच्या आधी येतो, म्हणजे बाराखडी पहिली, म्हणजे काना पहिला. सॉर्टेडने हा चुकीचा क्रम कायमचा पक्का केला. काकांच्या मशीनवर ईएक्सटी४ फाइलसिस्टिम आहे, तिथे डिरेक्टरीतला क्रम हॅशवर ठरतो आणि योगायोगाने जोडाक्षरं आधी येत होती, तोच टेबल पायपीआयवर जात होता, म्हणून इतकी वर्षं कोणाला काही कळलं नाही. अपस्ट्रीमकडे एक जुनी तक्रार मात्र पडून होती, गिटमधून थेट चालवणाऱ्या एका विंडोजवाल्याची, की क्ष आणि श तुटतात. विंडोजची फाइलसिस्टिम एनटीएफएस फाइली नावाच्या क्रमाने देते. काकांनी त्याला उत्तर दिलं होतं, माझ्याकडे बरोबर येतंय.

खरा उपाय फाइलींच्या क्रमात नव्हताच. सगळे नियम एकत्र करून लांबीप्रमाणे लावायचे, सगळ्यात लांब आधी, आणि लांबी सारखी असेल तर कोडप्रमाणे. मुलाने तो पॅच लिहिला, वर डेप-३ चा हेडर (पॅचची माहिती द्यायची डेबियनची ठरलेली पद्धत), अपस्ट्रीमला पाठवल्याची नोंद, आणि त्या जुन्या तक्रारीचा दुवाही. सोबत ऑटोपीकेजीटेस्ट, म्हणजे पॅकेज इन्स्टॉल झाल्यावर कमांड खरोखर चालवून बघायची टेस्ट, आणि तिच्यात शब्द मुद्दाम त्रासदायक घेतले: शिक्षण, किल्ला, वर्ग, ज्ञानेश्वर, कर्तृत्व. 'किल्ला'मधली पहिली वेलांटी जुन्या फाँटात क च्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये क च्या नंतर साठवली जाते, 'वर्ग'मधल्या रफाराचं बरोबर उलटं, तेव्हा हे पाच शब्द नीट आले तर बाकीचं बरंचसं नीट येतं.

एक छोटा वाद रेकमेंड्सवरून (डिपेंड्स म्हणजे लागणारंच पॅकेज, रेकमेंड्स म्हणजे असलं तर बरं). प्रीव्ह्यूच्या पानाला देवनागरी फाँट लागतो म्हणून मुलाने लोहितचं पॅकेज डिपेंड्समध्ये घातलं होतं. पण जो माणूस सर्व्हरवर हजार फाइली फिरवणार त्याला फाँटशी काय घेणं. रेकमेंड्समध्ये टाकलं, आणि फाँटच्या फाइलकडे सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) न करता सीएसएसमध्ये फाँटचं नुसतं नाव दिलं, नाहीतर रेकमेंड्स न घेणाऱ्यांकडे सिमलिंक लटकत राहतो.

निकाल

डिसेंबरमध्ये २.१+डीएफएसजी-१ न्यूमध्ये गेलं, जानेवारीत आत घेतलं. न्यूमध्ये जाताना बायनरीसकट अपलोड करावं लागतं आणि मेंटेनरने स्वतः बांधलेली बायनरी टेस्टिंगमध्ये जाऊ देत नाहीत, म्हणून लगेच सोर्स-ओन्ली (फक्त कोडचं) दुसरं अपलोड. हे नव्या लोकांना कोणी सांगत नाही आणि ते दिवसेंदिवस वाट बघत बसतात की पॅकेज हलत का नाही. नंतर नेहमीप्रमाणे टेस्टिंगमध्ये उतरलं.

पण एक फाँट कमी होता आणि त्याची तक्रार आलीच, एका वाचनालयवाल्यांनी लिहिलं की आमचे सगळे जुने अहवाल नेमके त्याच फाँटात आहेत, पायपीआयवरचं चालतं, डेबियनचं का नाही. कारण सांगितलं, त्यांना ते पटलं असं वाटत नाही.

निवडणूक संपल्यावर काका मोकळे झाले. लायसन्सचं त्यांना शेवटपर्यंत नवल, "अरे मी फुकटच तर देतोय, मग परवानगी कसली?" पण मुलाने त्यांना त्या वेबसाइटच्या फाइलचं उदाहरण दिलं, की तो माणूसही फुकटच देत होता आणि आज आपल्याला ती वापरता येत नाही, त्याचा शोध लागत नाही. ते काकांना लगेच समजलं. त्यांनी त्या फाँटची सीएसव्ही स्वतः नव्याने केली, जुनी फाइल न उघडता, की दाबायची आणि स्क्रीनवर उमटलेलं अक्षर पुढच्या रकान्यात युनिकोडमध्ये लिहायचं. फेब्रुवारीत २.२ आलं, त्यात फाँट नाही, जेक्वेरी नाही, नियम लांबीप्रमाणे. डीएफएसजी शेपूट गेलं, आमचे पॅचही गेले. फ्रीजच्या आधी ते टेस्टिंगमध्ये होतं आणि ९ ऑगस्ट २०२५ला ट्रिक्सी आलं त्यात ते आहे.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. मुलाने पहिली संध्याकाळ डिस्क्रिप्शन आणि आर्किटेक्चरवर घालवली, त्यातलं काहीच अडणारं नव्हतं. टारबॉलची यादी, लायसन्स, गिटशी फरक हे आधी सांगितलं असतं तर काकांना ऑक्टोबरमध्येच, पत्रकांची गर्दी सुरू व्हायच्या आत गाठता आलं असतं, आणि कदाचित डीएफएसजी टारबॉलची गरजच पडली नसती. आता नवं पॅकेज आलं की मी पहिल्या उत्तरात फक्त हे तीन प्रश्न पाठवते, बाकीचं नंतर.

वगळलेल्या सीएसव्हीबद्दल मात्र आमच्यात अजून एकमत नाही. मुलाला वाटतं की महिना दोन महिने थांबून पूर्ण पॅकेजच द्यायला हवं होतं, वाचनालयवाल्यांसारखे लोक दुखावले नसते. माझं म्हणणं, थांबलो असतो तर न्यूची रांग फ्रीजच्या तोंडाशी आली असती. पण रीडमी-डेबियनमध्ये 'हा फाँट सध्या का नाही' हे चार ओळीत लिहायला काहीच लागलं नसतं, त्यात तरी दुमत नाही.

ओव्हरराइडचा नियम मुलाने स्वतःच घालून घेतलाय, वर कारणाची ओळ नसेल तर ओव्हरराइड नाही. आणि टेस्टमधले शब्द ठरवताना लिहिणाऱ्याला नव्हे, वापरणाऱ्याला विचारायचं. काकांना आधीच विचारलं असतं की कुठली अक्षरं बिघडतात, तर त्यांनी क्ष, श आणि ऱ्या एका दमात सांगितले असते.

त्यातला ऱ्या अजून सुटलेला नाही. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने लिहिता येतो, ऱ ला हलन्त देऊन, नाहीतर साध्या र ला हलन्त देऊन पुढे झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) घालून. दिसायला सारखंच, पण शोधताना दोन वेगळे शब्द. काकांचा कन्व्हर्टर दुसऱ्या पद्धतीने काढतो. मी पहिल्याच्या बाजूने आहे, कारण झेडडब्ल्यूजे कॉपी-पेस्टमध्ये किंवा एखाद्या डेटाबेसमध्ये गळून गेला की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. काका म्हणतात, आजवर फिरवलेले सगळे अंक दुसऱ्या पद्धतीत आहेत, त्यांचं काय? मुलाने दोन्हीसाठी ऑप्शन द्यायचा पॅच पाठवलाय, आपोआप कुठलं घ्यायचं यावर तो अडकून आहे.